टेकआउटसारखे चिकन-ब्रोकोली घरी, ग्लूटेनशिवाय आणि कमी मिठात: सॉसचे काय करावे?

सोनचाफा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला या वर्षी सीलिॲक आजाराचे निदान झाले. आधी रक्ततपासणी आणि मग आतड्याची बायोप्सी असे रीतसर निदान असल्यामुळे ग्लूटेन हे प्रथिन असलेली गहू, बार्ली आणि राय ही तिन्ही धान्ये कायमची बंद झाली आहेत. घरचे जेवण रुळायला फारसा त्रास झाला नाही, कारण ज्वारी-तांदळाची भाकरी, वरण-भात, भाज्या हे सगळे तिला आवडते. अडते ते शुक्रवारच्या चिनी टेकआउटपाशी. पांढऱ्या कागदी डब्यातून येणारे, तपकिरी चकाकत्या सॉसमधले चिकन-ब्रोकोली तिला विलक्षण आवडत असे. सॉय सॉस न घालता करून देतो असे दुकानदार सांगतात, पण कढई तीच, डाव तोच आणि तळणीचे तेलही तेच, त्यामुळे माझे मन धजावत नाही.

म्हणून हा पदार्थ घरी करायचा आहे. यजमानांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले आहे, तेव्हा मीठ, साखर आणि तेल बाहेरच्यापेक्षा कमी असावे, पण चव ‘आजाऱ्याचे जेवण’ वाटेल इतकी सौम्य नसावी. सॉय सॉसऐवजी काय वापरावे, तो चकाकता सॉस नेमका कशाने दाट होतो, आणि माझ्या हातून चिकन चिवट व भाजी पाणचट का होते, हे कोणी नीट समजावून सांगेल का? आमच्या भाड्याच्या घरात विजेची शेगडी आहे, गॅस नाही, हेही लक्षात घ्यावे.

खडीसाखर

सोनचाफाताई, आमच्याही घरात एका सदस्याला हाच आजार आहे, त्यामुळे सॉसबद्दल सविस्तर लिहिते. कढईच्या बाबतीत माझ्यापेक्षा जाणकार माणसे इथे आहेत, तो भाग त्यांच्यावर सोडते.

या पदार्थात चिकन, ब्रोकोली, आले, लसूण यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. ते येते बाटल्यांतून. नेहमीचा सॉय सॉस सोयाबीन आणि गहू यांच्या मिश्रणातून आंबवला जातो, आणि जपानी पद्धतीच्या सॉसमध्ये तर गव्हाचा वाटा सोयाबीनच्या जवळपास बरोबरीचा असतो. काही ऑयस्टर सॉसमध्ये सॉय सॉस असतो, शिवाय कित्येकदा तो गव्हाच्या पिठाने दाट केलेला असतो. होइसिन सॉस आणि मिरचीचा दोउबानजियांग यांतही बहुधा गहू असतो. पाककृतींत सर्रास आढळणाऱ्या शाओशिंग वाइनचे विरजण गव्हावर तयार करतात, आणि काळ्या चिनी व्हिनेगरच्या घटकांत गव्हाचा कोंडा असू शकतो. शाकाहारी पदार्थांत येणारे ‘मॉक डक’ म्हणजे तर निव्वळ ग्लूटेनच असते, त्याच्या वाटेला जाऊच नये.

अमेरिकेत लेबल वाचताना एक मेख आहे. २००४ च्या ॲलर्जनविषयक कायद्यामुळे घटकांत गहू असेल तर तो स्पष्टपणे लिहावाच लागतो, पण बार्ली आणि राय यांना तो नियम लागू नाही. म्हणून फक्त गव्हाचा उल्लेख नाही एवढ्यावर समाधान मानू नये. माल्ट, माल्ट व्हिनेगर, बार्ली हे शब्द शोधावेत आणि शक्यतो ‘ग्लूटेन-फ्री’ असे छापलेलीच बाटली घ्यावी. त्या दाव्यासाठी ग्लूटेन दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या काही संस्था १० मिलिग्रॅमची त्याहून कडक मर्यादा पाळतात.

नेहमीच्या सॉय सॉसच्या जागी तामारी हा जपानी सॉय सॉस घ्यावा. तो मुख्यतः सोयाबीनचा असतो, पण काही तामारींत थोडा गहू असतो, म्हणून बाटलीवर ग्लूटेन-फ्री लिहिलेले आहे ना, हे इथेही पाहावे. सान-जे आणि किकोमान या दोन्ही कंपन्यांचे ग्लूटेनमुक्त तामारी तुमच्याकडच्या मोठ्या दुकानांत सहज मिळतील. नेहमीच्या तामारीच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. यावरून बाहेरचा एक डबा रक्तदाबाच्या माणसाला का जड जातो, हे लक्षात येईल. म्हणून कमी सोडियमचा तामारी घ्यावा, आणि तोही मोजूनच घालावा. नारळाचे ‘कोकोनट अमिनोज’ अनेक जण सुचवतात. त्यात सोडियम बरेच कमी असते, पण ते गोडसर आणि किंमतीला भारी असते, आणि नुसत्या त्यावर भिस्त ठेवली तर सॉस पातळ गुळवणीसारखा लागतो. अर्धा तामारी आणि अर्धे ते असे चालते.

चौघांसाठी माझे प्रमाण असे आहे. वाळलेले शिताके मशरूम चार-पाच घेऊन ते दीड वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत आणि पाणी गाळून घ्यावे. हे पाणी ऑयस्टर सॉसची उणीव पुष्कळ भरून काढते, मशरूम चिरून भाजीत घालता येतात. या पाण्यातले पाऊण कप घ्यावे, त्यात कमी सोडियमचा तामारी अडीच मोठे चमचे, ड्राय शेरी (एक प्रकारची वाइन) एक मोठा चमचा, राइस व्हिनेगर एक लहान चमचा, साखर दोन लहान चमचे, पांढरी मिरपूड पाव लहान चमचा आणि कॉर्नस्टार्च एक मोठा चमचा असे गार असतानाच कालवून ठेवावे. शेरी नको असेल तर वगळावी आणि व्हिनेगर किंचित वाढवावे. तिळाचे तेल एक लहान चमचा, तेही आच बंद केल्यावर, कारण त्याचा वास आचेवर उडून जातो. या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला सॉसमधून साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येते. तयार स्टॉक किंवा क्यूब वापरायचे असतील तर मीठ आणि ग्लूटेन दोन्ही तपासावेत.

आणखी एक, थोडे वादग्रस्त. अजिनोमोटोचा बागुलबुवा आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर ती भीती पसरली, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो पदार्थ सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेला आहे आणि त्यात ग्लूटेन नसते. मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर अजिनोमोटोत जेमतेम १२ टक्के. त्यामुळे तामारी अर्धा चमचा कमी करून त्याजागी चिमूटभर अजिनोमोटो घातला तर एकूण सोडियम घटते आणि चव टिकते. ज्यांना तो खाल्ल्यावर त्रास होतो असे वाटते त्यांनी खुशाल टाळावा. मशरूमच्या पाण्यावर काम भागते.

भटारखाना

मी मुंबईतल्या एका हॉटेलच्या चायनीज विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे कढईचे उत्तर माझ्याकडे लागले असे समजतो.

हॉटेलातल्या चायनीज रेंजची आच घरच्या शेगडीच्या अनेक पट असते. घरचा गॅस बर्नर साधारण दहा-पंधरा हजार बीटीयूचा (हे उष्णतेचे माप) धरला, तर तिथे एका बर्नरला लाखाच्या वरचा आकडा ही नेहमीची गोष्ट असते. कढईत पडलेल्या भाजीचे पाणी सुटते न सुटते तोच त्याची वाफ होऊन जाते. घरी तेवढी उष्णता नसते. एकदम किलोभर माल कढईत ओतला की तिचे तापमान कोसळते, भाजी आणि चिकन स्वतःच्याच पाण्यात शिजू लागतात, चिकन आखडते आणि ब्रोकोली पोपटी-पिवळी पडते. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ हेच आहे. उपाय म्हणजे थोडे थोडे करणे.

विजेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई निरुपयोगी आहे, कारण तिचा शेगडीला स्पर्श जेमतेम नाण्याएवढा होतो. सपाट बुडाचा कार्बन स्टीलचा वोक किंवा जाड बिडाचा मोठा तवा घ्या. तो रिकामाच तीन-चार मिनिटे तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुरचुरून विरून न जाता गोळी होऊन पळू लागला की तेल घाला, त्याआधी नाही. आणि त्यानंतर माल सतत हलवत बसू नका. हॉटेलात कढई उडवतात, कारण खाली जाळ भडकलेला असतो. तुमच्याकडे चिकनचे तुकडे पसरून अर्धा-पाऊण मिनिट निवांत राहू द्यावेत, खालची बाजू तांबूस झाली की उलटावेत.

आता चिकन. हाड नसलेले पाचशे ग्रॅम चिकन फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवावे, म्हणजे ते घट्ट होऊन पातळ कापता येते. तुकडे तंतूंना आडवे आणि चार-पाच मिलिमीटर जाडीचे हवेत. उभे कापले की कितीही मसाला लावला तरी ते चिवटच लागणार. त्यांना एका अंड्याचा पांढरा बलक, एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च, एक लहान चमचा तेल आणि एक लहान चमचा तामारी चोळून वीस मिनिटे ठेवा. ही चिनी स्वयंपाकघरातली जुनी पद्धत आहे. स्टार्च आणि बलकाचा पातळ लेप मांसाभोवती बसतो, त्यामुळे आतला रस बाहेर येत नाही आणि पुढे सॉसही त्याला धरून राहतो.

हॉटेलात हे तुकडे मध्यम गरम तेलाच्या कढईतून काढतात, आणि टेकआउटच्या डब्यातले निम्मे तेल तिथूनच येते. घरी त्याऐवजी पाणी वापरावे. पातेल्यात पाणी उकळून आच कमी करावी, चमचाभर तेल घालावे, चिकन दोन हप्त्यांत सोडून काट्याने सुटे करावे आणि बाहेरून पांढरे झाले की चाळीस-पन्नास सेकंदांत झाऱ्याने उपसावे. ते आतून अजून कच्चे असेल, त्याची काळजी नको, पुढे कढईत ते पूर्ण शिजते. त्याच पाण्यात ब्रोकोली टाकू नका. दुसऱ्या पाण्यात तिचे तुरे मिनिटभर उकळून काढावेत, चाळणीत निथळावेत आणि स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करावेत. कोरडे करण्याचा कंटाळा करू नका, कारण ओली ब्रोकोली तव्यावर पडली की मघाचे सगळे तापवणे वाया जाते. देठ फेकू नयेत, जाड साल काढून त्यांच्या तिरप्या चकत्या कराव्यात. मला तर तुऱ्यांपेक्षा त्याच आवडतात.

शेवटचा भाग तीन मिनिटांत आटोपतो, म्हणून सगळे हाताशी मांडून मगच सुरुवात करावी. दीड मोठा चमचा रिफाइंड शेंगदाणा तेल, त्यात आधी चिकन निम्मे-निम्मे करून परतून बाजूला काढावे. मग देठाच्या चकत्या, गाजर, ढोबळी मिरची, त्यानंतर तुरे आणि मशरूम. भाजी कडेला सारून मधल्या मोकळ्या जागेत अर्धा चमचा तेल, बारीक चिरलेले आले-लसूण दहा-पंधरा सेकंद. लसूण सुरुवातीलाच घातला तर इतक्या तापलेल्या तव्यावर तो करपून कडू होतो. चिकन परत आत आले की सॉसची वाटी तळापासून ढवळून मगच ओतावी, कारण स्टार्च खाली बसलेला असतो. सॉस आधी दुधाळ दिसतो, बुडबुडे येऊ लागले की एकाएकी काचेसारखा पारदर्शक होतो आणि उलथन्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहते. तिथे थांबावे. त्यापुढे उकळत ठेवला तर स्टार्चची पकड सुटून सॉस पुन्हा पातळ होतो, आणि मग माणूस वरून आणखी स्टार्च घालतो, की झाली खळ.

तर्कटी

उत्तरे छान आहेत, पण एक शंका आहे. सॉय सॉस कित्येक महिने आंबवला जातो आणि त्यात गव्हाची प्रथिने पार तुटून जातात असे वाचले आहे. काही तयार सॉसच्या चाचणीत ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या खालीच आढळते, असेही अनेक ठिकाणी म्हटलेले असते. मग महागाचा तामारी आणण्याचा आटापिटा कशासाठी? नेहमीचाच सॉस अर्धा घालावा, म्हणजे मीठही कमी होईल.

सूक्ष्मदर्शक

तर्कटी, आपला प्रश्न रास्त आहे, कारण निम्मी माहिती बरोबर आहे. आंबवताना गव्हाची प्रथिने खरोखरच लहान तुकड्यांत मोडतात. अडचण अशी, की नेहमीच्या ग्लूटेन चाचणीतली प्रतिपिंडे प्रथिनाचा पुरेसा लांब, अखंड तुकडा पकडण्यासाठी घडवलेली असतात. प्रथिन मोडले की चाचणी कमी आकडा दाखवते, पण उरलेल्या लहान तुकड्यांपैकी काही सीलिॲक रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेला चेतवू शकतात. म्हणजे चाचणीतला छोटा आकडा इथे सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये आंबवलेल्या आणि जलविघटित (प्रथिने मुद्दाम मोडलेल्या) पदार्थांसाठी वेगळा नियम केला: अशा पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचे असेल, तर आंबवण्यापूर्वीचा कच्चा माल ग्लूटेनमुक्त होता याची नोंद उत्पादकाने ठेवायची. गव्हापासून केलेला सॉस यात बसूच शकत नाही.

ज्यांनी केवळ आवडीने गहू कमी केला आहे त्यांना आपला सल्ला चालेल. निदान झालेल्या मुलीसाठी चालणार नाही, कारण हा स्वप्रतिकाराचा आजार आहे आणि पोटात काहीही जाणवले नाही तरी आतड्याच्या अस्तराचे नुकसान होत राहू शकते. आणि ही चर्चा वाचून कोणाला आपल्यालाही हा आजार असावा अशी शंका आली, तर तपासणीपूर्वी गहू सोडू नये. गहू बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडे ओसरतात आणि चाचणी खोटा दिलासा देते.

एका गोष्टीबद्दल मात्र मी वरच्या उत्तरांत थोडी भर घालीन. ग्लूटेन नाही म्हणजे आहार आपोआप आरोग्यदायी झाला, असे होत नाही. गव्हाच्या जागी नुसता पांढरा तांदूळ, कॉर्नस्टार्च आणि टॅपिओका आले की तंतुमय भाग घटतो. अमेरिकेत मैद्यात लोह आणि फॉलिक ॲसिड मिसळलेले असते, तसे ते ग्लूटेनमुक्त पिठांत बहुधा नसते. निदानाच्या वेळी या मुलांमध्ये लोहाची कमतरता अनेकदा आढळते, म्हणून ताटात चिकनपेक्षा ब्रोकोली आणि इतर भाज्या दुपटीने असाव्यात. ब्रोकोलीतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जायलाही मदत होते.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. तामारी आणला, आणि भटारखाना यांनी सांगितल्याप्रमाणे सॉस काचेसारखा दिसू लागताच आच बंद केली. मुलीने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. आता दोन प्रश्न उरले आहेत. तिला लो मेन नूडल्सही आवडत असत, त्याजागी काय वापरता येईल? आणि पुढच्या महिन्यात सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत, त्या फोनवर विचारत होत्या की तिकडून सॉस, मसाले काही आणू का. काय आणायला सांगावे आणि काय नको म्हणावे?

उखळ-मुसळ

मी पुण्यात राहते, म्हणून सासूबाईंच्या पिशवीबद्दल मी लिहिते. सर्वप्रथम हिंग नको. आपल्याकडे घरोघरी असतो तो बांधानी हिंग, आणि त्यात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंग आता मिळतो, पण डबीवरचे घटक वाचून घ्यावा. हा मुद्दा स्टर फ्रायपेक्षा रोजच्या वरणाच्या फोडणीसाठी अधिक महत्त्वाचा आहे. इथल्या किराणा दुकानातला शेजवान सॉस, सॉय सॉस आणि हाक्का नूडल्स यांपैकी काहीही मागवू नये. नूडल्स मैद्याच्या असतात आणि सॉसच्या बाबतीत उत्पादकागणिक फरक असतो. भारतातही ग्लूटेनमुक्त दाव्यासाठी दर किलोला २० मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे, परंतु साध्या चायनीज सॉसच्या बाटल्यांवर तो दावा क्वचितच दिसतो.

मागवायचीच तर चांगली काकवी मागवा. इकडे ग्लूटेनमुक्त तामारी सहज मिळत नाही आणि मिळालाच तर खिशाला परवडत नाही, त्यामुळे मी त्याशिवायच काम चालवते. वाळलेल्या मशरूमचे पाणी एक वाटी घेऊन ते निम्मे होईपर्यंत आटवायचे, त्यात काकवी एक लहान चमचा, साधे पांढरे व्हिनेगर अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा आणि थोडी मिरपूड घालायची. काकवीमुळे रंग गडद येतो आणि गोडव्यामागे किंचित कडवट खोली येते, वेगळी साखर लागत नाही. याला आंबवलेल्या सोयाबीनची सर येत नाही, हे मान्य. पण भरपूर आले-लसूण आणि शेवटी तिळाचे तेल असले की पाहुणेही विचारतात, सॉस कुठला म्हणून. अर्ध्या चमच्या मिठात साधारण बाराशे मिलिग्रॅम सोडियम धरावे, आणि हे चौघांत वाटले जाते.

भाताऐवजी अधूनमधून भगर करून पाहा, ती मात्र सासूबाईंना जरूर आणायला सांगा. फक्त सुटी भगर गव्हाच्या पिठाच्या पोत्याशेजारून मोजून दिलेली नसावी, सीलबंद आणि ग्लूटेनमुक्त लिहिलेली हवी. एक वाटी भगर धुऊन, कोरडी भाजून, पावणेदोन वाट्या पाण्यात शिजवली आणि ताटात पसरून पूर्ण गार केली की दाणा मोकळा राहतो. मग ती फ्राइड राइससारखी परतता येते. उपासाच्या दिवशी खायची गोष्ट चायनीजमध्ये घातलेली पाहून आमच्या घरी आधी नाके मुरडली गेली, आता मात्र मागणी असते.

भटारखाना

नूडल्सचे सांगतो. तांदळाच्या चपट्या नूडल्स सगळ्यांत सोप्या. त्या उकळू नयेत, उकळलेले पाणी ओतून झाकून ठेवाव्यात आणि मध्यभागी किंचित कडक असतानाच निथळून गार पाण्याखाली धराव्यात, पुढे त्या कढईत पूर्ण शिजतात. रताळ्याच्या स्टार्चच्या कोरियन नूडल्स पारदर्शक आणि लवचीक असतात, लो मेनचा तो ताण त्यांत बराचसा सापडतो, म्हणून मुलीला बहुधा त्याच आवडतील. मुगाच्या शेवयांसारख्या नूडल्स सॉस फार पितात, तेव्हा त्यांच्यासाठी सॉसमध्ये पाव कप पाणी जास्त ठेवावे आणि तामारी वाढवू नये. सोबा नूडल्स कुट्टूच्या म्हणून उपासाच्या वाटतात खऱ्या, पण बहुतेक पाकिटांत गहू मिसळलेला असतो. शंभर टक्के कुट्टू आणि ग्लूटेन-फ्री असे दोन्ही लिहिले असेल तरच घ्याव्यात.

भांड्यांबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून. लाकडी उलथने, लाकडी पोळपाट आणि पास्ता गाळायची चाळणी मुलीसाठी वेगळी ठेवा, कारण चिरांत आणि जाळीत अडकलेले पीठ धुऊन निघत नाही. बिडाचा जुना तवा ज्यावर वर्षानुवर्षे गव्हाच्या पोळ्या झाल्या आहेत, तो या कामाला वापरू नका. नवा घेणे सोपे पडते. स्टीलची पातेली व्यवस्थित घासली की चालतात. घरात इतरांसाठी गव्हाचे काही होत असेल तर मुलीचे आधी शिजवून झाकून ठेवावे, पीठ मळणे नंतर.

सोनचाफा

रताळ्याच्या नूडल्स कोरियन दुकानात मिळाल्या, पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेले आहे. काकवी आणि सीलबंद भगर यांची यादी साताऱ्याला पाठवली आहे, हिंगाला नकार कळवला आहे. एवढेच विचारते, की हे शाळेच्या डब्यात देता येईल का? शाळेत गरम करण्याची सोय नाही.

खडीसाखर

देता येईल, पण थर्मासच्या डब्यात आणि सकाळी पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करूनच. रात्रीचा भात असेल तर तो शिजल्यावर तासाभरात उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये गेला पाहिजे, कारण बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. थर्मासमध्ये आधी उकळते पाणी भरून दहा मिनिटे ठेवा, ते ओतून टाका आणि मग अन्न भरा. कॉर्नस्टार्चचा सॉस रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की पाणी सोडतो. म्हणून डब्यासाठीचा वाटा वेगळा काढून त्यात सॉस थोडा कमीच घालावा, आणि सकाळी गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडावे. ब्रोकोलीचा वास बंद डब्यात कोंडतो आणि वर्गातली मुले नाक धरतात, त्यामुळे डब्याच्या दिवशी तिच्याजागी ढोबळी मिरची आणि मटारच्या कोवळ्या शेंगा घातल्या तर मुलगी तुम्हाला दुवा देईल.